सेन्सर नेटवर्कचं सिम्युलेशन: केळीच्या बागेत उतरण्याआधी या चुका टाळा

जळगाव-धुळ्याकडच्या इंजिनिअरिंगच्या मुलांना प्रोजेक्टसाठी विषय विचारला, की ‘ठिबकसाठी वायरलेस सेन्सर’ हे उत्तर हमखास येतं. येणारच. रावेर-यावल पट्ट्यात केळीला पाणी कधी आणि किती द्यायचं, हा घराघरातला प्रश्न आहे. पन्नास सेन्सर विकत घेणं मुलांना परवडत नाही, म्हणून आधी सिम्युलेशन, म्हणजे लॅपटॉपवरच नेटवर्कची नक्कल. त्यासाठी कॉन्टिकी-एनजी ही छोट्या सेन्सर-उपकरणांची ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिच्यासोबतचा कूजा सिम्युलेटर मला सगळ्यात सोयीचे वाटतात. दोन्ही फुकट आहेत, कोड उघडा आहे आणि साध्या लॅपटॉपवर काम होतं.

मुलांच्या शेजारी बसून मी हे सेटअप अनेकदा लावून दिलेत. स्क्रीनवर लाल अक्षरांत दिसणाऱ्या चुका तासाभरात सुटतात. खरी भीती गप्प बसलेल्या चुकांची असते, कारण आलेख छान येतो आणि आकडा खोटा असतो.

आधी सुरू तर होऊ दे

निम्मे अडथळे जुन्या व्हिडिओंमुळे येतात. व्हिडिओत ‘अँट रन’ ही कमांड सांगतात, पण आताचा कूजा ग्रेडल या बिल्ड टूलवर चालतो आणि त्याला जावाही नवी लागते. एनएस-३ हा दुसरा सिम्युलेटर वापरणाऱ्यांचंही तेच. २०२२ च्या ३.३६ आवृत्तीपासून ‘वाफ’ हे बिल्ड टूल जाऊन सीमेक आलं, त्यामुळे जुन्या कमांड चालत नाहीत. ज्या आवृत्तीचं सॉफ्टवेअर, त्याच आवृत्तीची माहितीपुस्तिका उघडा.

गिटवरून कॉन्टिकी-एनजी उतरवलं आणि कूजाचं फोल्डर रिकामं दिसलं, तर सबमॉड्यूल, म्हणजे जोडून येणारे उपप्रकल्प, आणायचे राहिलेत. ‘गिट सबमॉड्यूल अपडेट’ ही कमांड ‘इनिट’ आणि ‘रिकर्सिव्ह’ या पर्यायांसह चालवा. एवढी खटपट नको असेल, तर सगळं आधीच बसवलेली तयार डॉकर इमेज घ्या. नवशिक्यांना मी तीच सुचवतो.

मोट म्हणजे सेन्सर आणि रेडिओ असलेलं छोटं उपकरण; त्यातल्या ‘स्काय’ मोटसाठी कंपाइल करताना ‘रीजन ओव्हरफ्लो’ आलं, तर कोड मोटमध्ये मावत नाहीये. स्कायमध्ये फ्लॅश ४८ केबी आणि रॅम १० केबी, बस्स. लॉगची पातळी कमी करा, टीसीपी लागत नसेल तर बंद करा. काही जण अशा वेळी सरळ ‘कूजा मोट’ या निव्वळ सिम्युलेटरमधल्या मोटवर जातात. नेटवर्कची मांडणी तपासायला तो चांगला आहे, पण त्यात कोड चालायला सिम्युलेशनचा वेळच लागत नाही. म्हणून प्रोसेसर किती वेळ राबला, हा आकडा त्यावरून काढू नका.

क्लायंट सारखा ‘नॉट रीचेबल येट’ म्हणत असेल, तर बहुतेक वेळा सर्व्हरचा मोट टाकायचाच राहिलेला असतो. आरपीएल या रस्ते ठरवणाऱ्या प्रोटोकॉलचं झाड मुळापासून, म्हणजे सर्व्हरपासून, वाढतं. मूळ नाही तर रस्ता नाही.

पन्नास मीटरचं वर्तुळ

कूजामध्ये मोटवर क्लिक केलं की हिरवं वर्तुळ दिसतं. यूडीजीएम या नेहमीच्या रेडिओ मॉडेलमध्ये त्याची त्रिज्या मुळातच ५० मीटर असते, व्यत्ययाची १०० मीटर आणि यशाचं प्रमाण १, म्हणजे वर्तुळातलं पॅकेट व्यत्यय नसेल तर पोचणारच. बहुतेक मुलं या तीन आकड्यांना हातही लावत नाहीत आणि ‘डिलिव्हरी १०० टक्के’ असं लिहून मोकळी होतात.

आता बागेत चला. मृगबाग लावली तेव्हा जूनमध्ये रान मोकळं असतं, दोन मोट एकमेकांना सहज ऐकू येतात. दिवाळीनंतर त्याच रानात पानं एकमेकांत शिरलेली असतात. केळीच्या पानात आणि खोडात पाणीच पाणी, आणि २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाणी शोषून घेतं. त्यात ओलावा मोजणारा मोट जमिनीलगत बसवलेला. पाच-पाच फुटांवर लावलेल्या झाडांच्या काही ओळी ओलांडल्या की सिग्नल दम तोडतो. जूनचं नेटवर्क डिसेंबरमध्ये तुकड्या-तुकड्यांत विभागलेलं असतं.

म्हणून निदान रेंज आणि यशाचं प्रमाण तरी बदला. हे प्रमाण ०.६ ठेवलं, तर अंतरानुसार घट धरणाऱ्या यूडीजीएममध्ये ५० मीटरवर ६० टक्के पॅकेट पोचतात, २५ मीटरवर ९० टक्के. त्याहून चांगला मार्ग म्हणजे दोन खरे मोट घेऊन बागेत एक दिवस घालवा, कुठून कुठे किती पॅकेट पोचली ते वहीत मांडा आणि डीजीआरएम मॉडेलमध्ये प्रत्येक जोडीचं प्रमाण थेट भरा. लहान आणि मोठ्या झाडांच्या वेगळ्या फाइली करा. माझ्या मते अख्ख्या प्रोजेक्टमधला हा सगळ्यात मोलाचा दिवस.

बॅटरीचा हिशेब

‘पाठवताना जास्त वीज जाते’ हा समज सोडा. स्कायमधली सीसी२४२० चिप पूर्ण ताकदीने पाठवताना १७.४ मिलिअँपिअर घेते आणि ऐकताना १८.८. कॉन्टिकी-एनजीमधली रेडिओ वापरायची नेहमीची पद्धत, सीएसएमए, रेडिओ सतत चालू ठेवते. जुन्या कॉन्टिकीतलं झोपवणारं कॉन्टिकीमॅक त्यात नाही. २५०० मिलिअँपिअर-तासांचे सेल धरले तर नुसतं ऐकण्यात साडेपाच दिवसांत संपतील. ‘दर तासाला एकच पॅकेट, म्हणून बॅटरी वर्षभर’ असा निष्कर्ष या मांडणीतून निघूच शकत नाही. रेडिओच्या ड्यूटी सायकलचा, म्हणजे तो किती टक्के वेळ चालू होता याचा, तक्ता उघडा. सगळे मोट १०० टक्क्यांवर दिसले, तर टीएससीएच, म्हणजे ठरलेल्या वेळीच रेडिओ जागवणारी पद्धत, लावून पुन्हा मोजा.

एकदा चालवलं म्हणजे झालं नाही

रँडम सीड, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा अंक, तोच असेल तर निकालही तोच येतो. दहा वेळा चालवून दहाही वेळा सारखं आलं, यात पुरावा काहीच नाही. किमान दहा वेगळे सीड घ्या, सरासरीबरोबर ९५ टक्के विश्वासांतरही दाखवा. आरपीएलचं झाड उभं राहीपर्यंतची सुरुवातीची मिनिटं मोजणीतून वगळा आणि किती वगळली ते अहवालात लिहा.

लांबलचक सिम्युलेशन रात्रभर लावणार असाल, तर खिडक्यांशिवायच्या मोडमध्ये चालवा, लवकर संपतं. प्रत्येक सीडचा लॉग वेगळ्या फाइलमध्ये जाऊ द्या, म्हणजे मध्येच वीज गेली तरी झालेलं काम हाती राहतं. सीएससी फाइल (कूजातली मांडणी), प्रोजेक्ट-कॉन्फ (सेटिंगची फाइल) आणि कॉन्टिकीची नेमकी आवृत्ती एकाच फोल्डरमध्ये ठेवा.