मुलाचं ऑपरेशन ठरलंय? ॲप आधी तुम्ही बघा, मग मुलाला दाखवा

ऑपरेशनच्या आधी मुलांना समजावून सांगणारी ॲप्स आता मिळतात, म्हणजे ब्रिटनमधलं लिटल जर्नी आहे, त्यात वॉर्ड, भूल देतात ती खोली, शुद्धीवर येतात ती खोली असं सगळं कार्टूनमधून फिरून बघता येतं. छानच आहे, पण डाउनलोड करून मोबाइल मुलाच्या हातात दिला आणि आपण कामाला लागलो, असं करू नका.

रात्री मूल झोपलं की आधी आपण शेवटपर्यंत बघायचं. ॲपमध्ये मास्कने भूल देतात आणि तुमच्याकडे हाताला सुई लावून देणार असतील तर मूल ऐनवेळी बिथरतं, आणि मग तुमचंही काही ऐकत नाही. त्यामुळे भूलतज्ज्ञांना आधीच विचारा, भूल कशी देणार, आम्ही आत कुठपर्यंत येऊ शकतो.

तीन-चार वर्षांच्या पोराला एक-दोन दिवस आधी दाखवलं तरी पुरे, शाळेत जाणाऱ्याला पाच-सात दिवस आधी. जवळ घेऊन, थांबत थांबत. माझ्या मुलीने मास्कच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, "याला वास कसला येतो?" हे काही ॲपमध्ये नव्हतं! मी म्हटलं प्लास्टिकसारखा, थोडा विचित्र. मग कागदी कप टेडीच्या तोंडावर धरून दहा वेळा भूल देऊन झाली. दुखेल का विचारलं तर "अजिबात नाही" म्हणू नका, "थोडं दुखेल, मग औषध देतील" म्हणा. आणि नुसतं "झोपवणार" नको, "औषधाची झोप, ऑपरेशन झालं की डॉक्टर उठवतात" असं सांगा.

उपाशी ठेवायच्या वेळांचे अलार्म आपल्या फोनवर लावा. साधारण खाणं 6 तास आधी बंद, आईचं दूध 4, पाणी 2, पण तुमच्या हॉस्पिटलने लिहून दिलेलीच वेळ टाका, ॲपमधली नको. आणि भीतीपोटी त्याहून जास्त उपाशी ठेवू नका, भुकेलं पोर आणखी किरकिरतं.

त्या दिवशी फोन फुल चार्ज, गेम आणि कार्टून आधीच डाउनलोड केलेलं, आत नेटवर्क असेलच असं नाही. शुद्धीवर येताना काही मुलं जोरात रडतात, हातपाय झाडतात, ओळखही दाखवत नाहीत, बहुतेक वेळा थोड्या वेळात शांत होतात. तेव्हा स्क्रीन पुढे करू नका, लाइट कमी करायला सांगा आणि हळू आवाजात बोलत राहा. फोन ती स्वतःच मागतात नंतर.