शिकाऊ लायसन, ऑफरोड गाडी आणि खानापूरची तांबडी माती

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागात गुरांवर उपचार करत मोटरसायकलने फिरतो. मागच्या सीटवर औषधांची पेटी आणि कृत्रिम रेतनाचा नायट्रोजन कंटेनर बांधलेला असतो. निम्मं फिरणं डांबर सोडूनच होतं: पाणंदी, मुरमाचे चढ, खाचरांच्या कडेच्या वाटा, ओढे. त्यामुळे म्हशीला तपासत असताना घरातलं तरणं पोर हमखास विचारतं, "डॉक्टर, लायसन काढायचं हाय. ऑफरोड गाडी घ्यायची म्हणतोय. कुठली घेऊ?" आता मुलीही विचारतात, याचा मला फार आनंद आहे.

शिकणाऱ्याने आधी गाडीचं वजन बघावं, मग सीटची उंची, मग जवळचा मिस्त्री. सीसी सगळ्यांत शेवटी.

कच्च्या रस्त्यावर शिकताना गाडी पडते. वेग नसतो, फारसं लागतही नाही, पण पडते. पडलेली गाडी ओढ्याच्या काठावर एकट्याने उभी करता आली पाहिजे, कारण जांबोटीच्या पुढे आत शिरलात की हाकेच्या अंतरावर माणूस असेलच असं नाही आणि मोबाइलला रेंज मिळेल याचाही भरवसा नाही. म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी ओळखीच्या कुणाची तरी तसलीच गाडी मागा, गवतावर अलगद आडवी करा आणि उचलून बघा. इंजिन बंद करा. गाडी उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढा, म्हणजे उभी केल्यावर ती पलीकडे कोसळणार नाही. गाडी गिअरमध्ये ठेवा, म्हणजे घरंगळत नाही. हँडल पडलेल्या बाजूला पूर्ण वळवा, सीटला पाठ लावून बसा, एक हात हँडलच्या मुठीवर, दुसरा मागच्या कॅरिअरला किंवा फ्रेमला. पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर मागे मागे रेटत जा. असं लागोपाठ तीनदा जमलं तर ती गाडी तुम्हाला झेपते. पहिल्याच वेळी कंबर धरली तर दुसरी बघा.

आता गाड्यांकडे वळू. हिरोची एक्सपल्स २०० फोरव्ही साधारण १६० किलो भरते, सीट ८२५ मिलिमीटर, जमिनीपासून उंची २२० मिलिमीटर, पुढचं चाक २१ इंची आणि मागचं १८ इंची. ताकद १९ बीएचपीच्या (हॉर्सपॉवरच्या) आसपास. सडकेवर ट्रक ओलांडताना ती कमी वाटेल, पण ओल्या मुरमावर शिकणाऱ्याच्या हातात एवढीच ताकद असावी, कारण थ्रॉटल थोडा जास्त पिळला गेला तरी मागचं चाक एकदम भिरभिरत नाही. हिचीच प्रो आवृत्ती मात्र नवख्याने घेऊ नये. तिची सीट ८९१ मिलिमीटरवर आहे. जानेवारी २०२५ मध्ये आलेली एक्सपल्स २१० थोडी जड आहे, पण सहा गिअर आणि जवळपास साडेचोवीस पीएसची (हेही हॉर्सपॉवरचंच माप) ताकद असल्याने बेळगाव-गोवा असं लांब जाणाऱ्याला ती जास्त बरी पडते.

कावासाकीची केएलएक्स २३० फक्त १३९ किलोची. उचलायला, ढकलायला, चिखलातून ओढायला हिच्यासारखी दुसरी नाही. पण सीट ८८० मिलिमीटर आणि टाकी लहान, साडेसात लिटरच्या आसपास. पावणेसहा फूट उंचीचा गडी असेल आणि घरापासून फार लांब जाणार नसेल तर हिचा जरूर विचार करावा.

रॉयल एनफिल्डची हिमालयन सगळ्यांना हवी असते. जुन्या ४११ ची सीट ८०० मिलिमीटर, त्यामुळे पाय छान टेकतात, आणि मंद चालीत तिचं इंजिन मोठ्या समजुतीने ओढतं. पण वजन २०० किलोला टेकलेलं. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेली ४५० वजनाला जवळपास तेवढीच आणि ताकदीला ४० पीएस. वर्ष-दीड वर्ष हात बसल्यावर ही फार गुणाची गाडी आहे, पण शिकाऊ लायसनवर नको. केटीएमची ३९० एन्ड्युरो आर ४६ पीएसची, सीट ८६० मिलिमीटर. तिच्याबद्दल विचारणाऱ्या पोरांना मी सरळ सांगतो, अजून थांब.

पैशाचंही गणित आहेच. सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटरसायकलींवर १८ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्यांवर ४० टक्के. थर्ड पार्टी विम्याचा दरही ३५० सीसीच्या पुढे एकदम दुपटीच्या वर जातो, आणि नव्या दुचाकीला तो पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो.

सीटच्या उंचीचा आकडा कागदावर वाचून ठरवू नका. माणूस बसला की सस्पेन्शन दबतं आणि सीट खाली येते. ऑफरोड गाडीत ते जास्तच दबतं. शिवाय सीट अरुंद असेल तर पाय सरळ खाली जातात, रुंद असेल तर फाकतात. रोज जे बूट घालणार तेच घालून बसा. दोन्ही पायांचे चवडे टेकले तर उत्तम. एकच पाय पूर्ण टेकत असेल तरी चालतं, फक्त उताराच्या बाजूला पाय टाकायचा नाही, चढाच्या बाजूला टाकायचा, ही सवय लावून घ्यावी लागते. "पाय पोचत न्हाईत, पण सवय होईल की," असं म्हणणाऱ्याची सवय पहिल्या पावसाळ्यात होत नाही. गाडी खाली आणायला मागच्या सस्पेन्शनची लिंक बदलून देतो म्हणणारे भेटतील. त्याने जमिनीपासूनची उंची जाते आणि वळणातला तोलही बदलतो. फार तर सीटचा फोम कापून घ्या, एवढंच.

दाखवायला आणलेली गाडी गुळगुळीत रस्त्यावर फिरवून निर्णय घेऊ नका. करून बघायच्या गोष्टी वेगळ्या. पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने, क्लच अर्धा धरून, गोल गोल फिरवा. हात लवकर भरून आला तर क्लच जड आहे, आणि ओढ्यात तोच तुम्हाला दमवणार. फूटपेगवर उभे राहा: हँडल धरायला वाकावं लागत असेल तर खडकाळ चढावर पाठ जाईल. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी सोय, कशी बंद होते ते सेल्समनकडून दाखवून घ्या. आपल्याला हवी असते मागच्या चाकाचं एबीएस बंद करण्याची सोय, कारण सैल खडीच्या उतारावर मागचं चाक थोडं घासलं तरच गाडी मंदावते. पुढचं एबीएस शिकणाऱ्याने चालूच ठेवावं.

आपल्या भागात चाकाचा विचारही मातीवरून करावा. बैलहोंगल, सौंदत्तीकडे काळी जमीन. पाऊस पडला की ती चाक आणि मडगार्डच्या मधे भरते आणि चाकच फिरेनासं होतं. तिकडे पुढचा मडगार्ड वर लावलेली गाडी बरी. खानापूरच्या पश्चिमेला जांभ्याचे दगड आणि तांबडा मुरूम. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं आणि तिथे नुसता टायर नाही, हलका हातच कामाला येतो. २१ इंची चाक असल्या दगडांवरून सहज चढतं. स्पोकची चाकं मार खातात पण फुटत नाहीत. मात्र आत बहुधा ट्यूब असते, आणि खेड्यातल्या पंक्चरवाल्याकडे २१ इंचाची ट्यूब असेलच असं नाही. दोन्ही मापांच्या ट्यूबा, टायर काढायच्या पट्ट्या आणि हातपंप गाडीबरोबरच विकत घ्या.

आता कागद. काही ठिकाणी "डर्ट बाइक" म्हणून दिवे, आरसे, इंडिकेटर नसलेल्या गाड्या विकायला असतात. त्या शर्यतीच्या आवारासाठी असतात, त्यांची आरटीओत नोंदणीच होत नाही. रस्त्यावरून शेतापर्यंत नेणंसुद्धा बेकायदा आणि अपघात झाला तर विमाही नाही. ओळख सोपी आहे: विकणारा फॉर्म २१ आणि फॉर्म २२ देतो का, ते विचारा. पहिला विक्रीचा दाखला, दुसरा गाडी रस्त्यालायक असल्याचा कंपनीचा दाखला. दोन्ही नसतील तर पैसे देऊ नका. सायलेन्सर बदलणं, आरसे काढून टाकणं हेही नको.

शिकाऊ लायसन काढताना गिअरच्या मोटरसायकलचा प्रकार, एमसीडब्ल्यूजी, निवडलाय का ते बघा. स्कूटरपुरतं काढलेलं इथे चालत नाही. वयाला १८ पूर्ण हवीत. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं आणि ३० दिवसांनंतर पक्क्या लायसनची परीक्षा देता येते. तोवर पांढऱ्या पाटीवर तांबडं एल, पुढे आणि मागे. शिकवणारा सोडून दुसऱ्या कुणाला मागे बसवायचं नाही, बहिणीला कॉलेजला सोडायचं असलं तरी.

सीमेवर राहणाऱ्यांना एक मोह होतो. कर्नाटकात आजीवन कर किमतीप्रमाणे चढतो, म्हणून महाराष्ट्रातल्या चंदगडच्या पाहुण्याच्या पत्त्यावर एमएच ०९ ची (कोल्हापूरच्या नंबरची) किंवा गोव्याची गाडी घ्यायची. बारा महिन्यांपेक्षा जास्त गाडी इथे ठेवलीत तर इथली नोंदणी करावीच लागते. मूळ आरटीओचं फॉर्म २८ वरचं ना हरकत पत्र आणा, इथला कर भरा, तिकडचा परत मागा. खानापूर, बेळगावचे केए २२ मध्ये येतात, निपाणी, चिकोडीचे केए २३ मध्ये. राहता तिथलाच नंबर घ्या. चेकपोस्टवरून निवांत जाता येतं.

जुनी गाडी घेत असाल तर पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मधे अडकलं तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग, गेला. शॉकअपच्या नळ्यांवर तेलाचा ओघळ बघा. स्पोक पानाने वाजवून बघा, सैल असेल तो बोदा वाजतो. एअर फिल्टर उघडायला लावा: आत तांबडी धूळ गच्च असेल तर ती इंजिनातही गेली असणार. चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडा आणि कर्ज असेल तर एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवल्याशिवाय व्यवहार करू नका. ओढ्यात बुडालेली गाडी बाहेरून चकाचक असते, पण दिव्याच्या आत पाण्याचे डाग राहतात.

मिस्त्रीबद्दल थोडंच. हिरोचे सुटे भाग तालुक्याच्या गावी मिळतात, हा आपल्याकडे फार मोठा गुण आहे. बाकी कुठलीही कंपनी असो, क्लच लिव्हर आणि ब्रेक पॅड बेळगावात शेल्फवर आहेत का ते आधी फोन करून विचारा.

बजेटमधून हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढा, आयएसआय शिक्का बघून. मग हँडगार्ड, इंजिनाखालची पत्रा-पट्टी आणि घोटा झाकणारे जाड बूट. बेळगावच्या उद्यमबागच्या कारखान्यांत कामगार घालतात तसले उंच सेफ्टी बूट शिकताना पुरतात.

वेळही निवडून घ्या. लायसन नवरात्राच्या सुमारास काढलंत तर सहा महिने कोरडे मिळतात. सुगी झाल्यावर ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून मोकळ्या खाचरात सराव करा. भीमगड अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शिरू नका. तो वाघ-वटवाघळांचा मुलूख आहे आणि गुन्हा थेट तुमच्यावर दाखल होतो. कच्च्यावर उतरताना हवा चार-पाच पॉइंट (पीएसआय) कमी करा, पण १८ च्या खाली नको, ट्यूब रिमखाली चिमटते. डांबरावर परत चढलात की आधी हातपंप काढा आणि हवा पूर्ववत भरून मगच घरचा रस्ता धरा.