एसटीपीत नव्याने रुजू होताय? आधी गाळ बघायला शिका

केमिस्ट्री, मायक्रोबायॉलॉजी किंवा पर्यावरण अभियांत्रिकी करून सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, म्हणजे एसटीपीत, आलेली मुलं आल्याआल्या पॅनेलसमोर उभी राहतात. मी त्यांना आधी एरेशन टँकच्या (सांडपाण्यात हवा सोडायच्या टाकीच्या) कठड्याशी नेतो.

बार स्क्रीन आणि ग्रिट चेंबर लगेच कळतात: चिंध्या, प्लॅस्टिक, वाळू बाजूला काढायची. स्क्रीन तुंबू दिली की पुढचे पंप गेलेच म्हणून समजा. खरं काम टँकमध्ये. १९१४ साली मँचेस्टरमध्ये आर्डर्न आणि लॉकेट यांनी मांडलेली पद्धत आजही तीच आहे. पाण्यात हवा सोडायची, जिवाणूंनी घाण खायची, क्लॅरिफायरच्या (गाळ खाली बसू देणाऱ्या पुढच्या टाकीच्या) तळाशी बसलेला तोच जिवंत गाळ बराचसा परत टँकमध्ये आणायचा आणि जास्तीचा काढून टाकायचा.

म्हणून रोज सकाळी टँकमधलं पाणी एक लिटरच्या मोजपात्रात भरा आणि ३० मिनिटं समोर बसून बघा. निरोगी गाळ तपकिरी असतो, त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. थोड्याच वेळात पुंजके धरून तो खाली सरकतो, वर नितळ पाणी राहतं. गाळ ३०० मिलीवर थांबला आणि एमएलएसएस (टँकच्या पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचं वजन) लिटरला ३००० मिलिग्रॅम असेल, तर एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो तो आकडा) १०० आला. छान. १५०च्या वर जाऊ लागला तर गाळ फुगतोय, क्लॅरिफायरवरून वाहून जाईल. काळा पडून कुजका वास आला, तर हवा कमी पडतेय. बीओडीचा (पाण्यातली घाण खायला जिवाणूंना किती ऑक्सिजन लागतो त्याचा) रिपोर्ट २७ अंशांवर ३ दिवस ठेवल्यावर हाती येतो. तोवर गाळ हातचा गेलेला असतो.

वीजबिल वाचवायला रात्रभर ब्लोअर (टँकमध्ये हवा सोडणारी यंत्रं) बंद ठेवणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्यात. याचा मला मनापासून राग येतो. जिवाणू गुदमरतात आणि गाळ पुन्हा जमवायला आठवडे जातात. कमिटीला हे समजावून सांगणं हाही आपल्याच कामाचा भाग आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. वायू जास्त असला की नाकाला वास येणंच बंद होतं, त्यामुळे वास नाही म्हणजे धोका नाही असं कधीच धरू नका. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला सेप्टिक टँकमध्ये किंवा गटारात उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. साहेब ‘पाच मिनिटांचं काम आहे’ म्हणाले तरी उतरू नका, हाताखालच्या माणसालाही उतरवू नका. आत कोणी कोसळलं तर मागोमाग उतरू नका, वाचवायला गेलेलीही त्यातच जातात. १०१ला फोन करा.