जुनी जर्मन गाडी घेतलीत? मग या चुका तरी करू नका

सारखं कोणीतरी विचारतं, "सात लाखात बीएमडब्ल्यू फाइव्ह सीरीज मिळतेय, घेऊ का?" आणि मी काही बोलायच्या आत पठ्ठ्या टोकन देऊन पण आलेला असतो. घ्या की, मस्त गाड्या आहेत, एकदा समृद्धीवर चालवून बघा म्हणजे कळेल. पण गाडीची किंमत उतरली म्हणून तिचे पार्ट्स काही स्विफ्टच्या भावात मिळत नाहीत. सगळं बजेट खरेदीतच संपवू नका, किमतीचा पाव हिस्सा तरी पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा. कर्ज काढून जुनी लक्झरी गाडी घेणाऱ्यांपुढे तर मी हात टेकलेत.

आता ती चूक, जी बघून बघून डोकं फिरतं. लाइट लागली की पार्ट बदलायचा. का लागली, कधी लागते, काही बघायचं नाही.

मित्राच्या भाच्याकडे अशीच एक डिझेल सेडान होती. एक दिवस डॅशबोर्डवर दिवाळी, एबीएस, एअरबॅग, स्टिअरिंग, गिअरबॉक्स, सगळ्याच लाइट्स पेटल्या. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावला, बिघाडाच्या कोडची ही भलीमोठी यादी निघाली, आणि त्याने वरून पहिलं नाव उचलून एबीएस मॉड्यूलच, म्हणजे ब्रेकचा कंट्रोल युनिटच बदललं, तेही जुन्या बाजारातलं. थोडे दिवस बरं चाललं, मग परत तेच. मग स्टिअरिंगचा सेन्सर, मग कार्पेट उचलून वायरिंग उसवायला घेतली. लाखभर रुपये गेल्यावर गाडी आमच्या पार्किंगमध्ये आली, तेव्हा मी स्कॅनरला हात पण लावला नाही, व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर लावला. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी ११.९ व्होल्ट, आणि स्टार्टर मारला की आकडा नऊच्या खाली. बॅटरी डिकीत, फ्लोअरखाली, म्हणून एवढ्या दिवसांत कोणी बघितलीच नव्हती. वर आधीच्या मालकाने एजीएम (या गाड्यांना लागणारी दणकट बॅटरी) काढून साधी स्वस्तातली बसवलेली! व्होल्टेज पडलं की या गाड्यांमधले मॉड्यूल एकमेकांशी बोलेनासे होतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावाने कोड टाकून मोकळा होतो. योग्य बॅटरी टाकली, सगळे कोड पुसले, गाडी फिरवून आणली, एकही लाइट परत आली नाही. काढलेलं एबीएस मॉड्यूल चांगलं होतं, ते गॅरेजवाल्याकडेच राहिलं.

म्हणून माझी सवय सांगतो. कुठलीही लाइट लागली की आधी मल्टिमीटर. गाडी काही तास बंद असताना १२.६ च्या आसपास हवं, १२.२ म्हणजे बॅटरी अर्ध्यावर आली, इंजिन चालू असताना साधारण १४. मग बॅटरी चार्ज करायची, कोडचा फोटो काढून ठेवायचा, पुसायचे, गाडी चालवायची आणि जे कोड परत येतात फक्त त्यांच्याच मागे लागायचं. याला दोन दिवस जातात, आणि तेवढाच धीर नव्या मालकांकडे नसतो. अजून एक, बीएमडब्ल्यूमध्ये नवी बॅटरी टाकली की ती स्कॅनरने गाडीत रजिस्टर करावी लागते, नाहीतर गाडी ती जुनी झिजलेलीच समजून चार्ज करत राहते. "काही होत नाही साहेब" म्हणणारा बॅटरीवाला भेटला तर दुसरा शोधा.

दुसरी आवडती चूक पावसाळ्यातली. वायपरखालच्या जाळीत आणि सनरूफच्या चारही कोपऱ्यांत पाणी जायला नळ्या असतात. मे महिन्यात गाडी गुलमोहराखाली लावली की त्याची ती बारीक पानं आणि पाकळ्या बरोब्बर तिथे जाऊन बसतात, जूनमध्ये पाणी तुंबतं आणि वाट काढत कार्पेटखाली नाहीतर डिकीत उतरतं, जिथे नेमके मॉड्यूल बसवलेले असतात. वास आला की लोक परफ्युम लावतात, काय बोलणार! मी पावसाआधी गवत कापायच्या मशीनची जाड नायलॉन दोरी हलक्या हाताने नळीत सरकवतो. कॉम्प्रेसरची हवा मारू नका, नळी आत कुठेतरी निसटली तर ती जोडायला छताचं अस्तर उतरवावं लागतं.

कूलंट कमी झालं की नळाचं पाणी ओतणारे वेगळेच. मुळात कमी का झालं ते बघा ना. या वयाला एक्स्पान्शन टँक (कूलंटची प्लॅस्टिकची टाकी) आणि होसचे प्लॅस्टिक जॉइंट बिस्किटासारखे तुटतात, आणि इंजिन एकदा नीट तापलं की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं. काटा वर जाताना दिसला की घर कितीही जवळ असो, गाडी बाजूला घ्या.

"गिअरबॉक्स ऑइल लाइफटाइम आहे" हे ऐकून सोडून देऊ नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः ८० हजार ते १.२ लाख किलोमीटरला बदला म्हणते.

२००७ ते २०११ च्या आसपासची बीएमडब्ल्यू ३२०डी किंवा ५२०डी बघताय? थंड इंजिन स्वतः स्टार्ट करा आणि इंजिनच्या मागच्या बाजूने खडखड येते का ऐका, आली तर टायमिंग चेनवर संशय घ्या. यांच्या एन४७ डिझेल इंजिनची ही चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, बदलायला मोठा घाट घालावा लागतो. तुम्ही पोचायच्या आत विकणाऱ्याने इंजिन गरम करून ठेवलं असेल तर चहा प्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत जा.

एअर सस्पेन्शनवाली (स्प्रिंगऐवजी हवेच्या बॅगांवर उभी) गाडी सकाळी एका कोपऱ्यात बसलेली दिसते? त्या कोपऱ्याची हवेची बॅग गळतेय. तशीच चालवत राहिलात तर हवा भरणारा कॉम्प्रेसर पण जळेल.

रन-फ्लॅट (पंक्चर झाले तरी थोडं अंतर चालणारे टायर) काढून साधे टायर टाकलेत तर डिकीत स्टेपनी नाही हे लक्षात ठेवा, पंक्चर किट घ्या.

आणि दिल्लीची स्वस्त डिझेल. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेलवर २०१५ मध्ये एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवादाने) बंदी आणली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कायम केली, तेव्हापासून तिकडच्या गाड्या इकडे वाहत येतायत. भाव बघून हुरळू नका. तिथल्या आरटीओची एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स किती बसेल ते आधी आरटीओत विचारून या, एजंटला नाही.