सूर्य बुडाला की मग कामाला लागा: किनाऱ्यावरच्या शहराची दिवेलागण कशी टिपावी

समोर समुद्र, मागे डोंगर, मध्ये शहर. अशा जागी फोटो आपोआप चांगला येतो असे सांगणाऱ्याने तिथे तिन्हीसांजेला ट्रायपॉड लावलेला नसतो. माझी पहिली तीन वर्षे अशी गेली: आकाश नीट आले की शहर काळे ठिक्कर, शहर नीट आले की आकाश पांढरे फटक, आणि दिवे म्हणजे हळदीचे डाग. "गोल्डन अवर गाठा" असे तेव्हाही सगळे सांगत. सोनेरी ऊन सोपे असते हो, त्यात फोनही बरा फोटो काढतो. हात टेकायला लावतो तो सूर्य बुडाल्यानंतरचा अर्धा तास. हा लेख मुख्यतः त्या अर्ध्या तासाचा आहे. बाकीच्या पायऱ्या भराभर उरकते.

बॅटरी, कार्ड, ट्रायपॉड हे धरून चालते. फाइल रॉमध्ये हवी, म्हणजे सेन्सरने टिपलेले सगळे कच्चे, काटछाट न करता. फक्त जेपेग काढत असाल तर आधी ती सेटिंग बदला आणि मग पुढे वाचा.

जागा

दिवसाउजेडी एकदा जाऊन पाहून या. सूर्य कुठे मावळणार हे फोनवरचे कुठलेही सूर्य-चंद्र दाखवणारे ॲप सांगते. ते त्या तारखेचे पाहा, अंदाजाने नको. अगदी विषुववृत्तावरसुद्धा मावळतीची जागा वर्षभरात सुमारे ४७ अंश सरकते आणि विषुववृत्तापासून दूर जाल तशी आणखी. कुणीतरी डिसेंबरात काढलेला फोटो पाहून जूनमध्ये त्याच कठड्यावर उभे राहिलात तर सूर्य भलत्याच इमारतीमागे जाईल.

डोंगर फोटोत मोठा हवा असेल तर वाइड लेन्स बॅगेतच राहू द्या. वाइडमध्ये डोंगर वारुळाएवढा होतो आणि समोरचा कठडा डोंगराएवढा. लांब जा, शक्यतो थोडे उंचावर, आणि ८५ ते २०० मिमीच्या लेन्सने काढा. मग इमारती आणि डोंगर एकमेकांना टेकून उभे राहिलेले दिसतात. सूर्य किंवा चंद्र किती मोठा येईल याचा हिशेब सोपा आहे: फोकल लेंग्थला (लेन्सवरच्या मिमीच्या आकड्याला) ११० ने भागा. २०० मिमीवर सेन्सरवर पडणारे बिंब दोन मिलिमीटरपेक्षाही कमी असते. फुल फ्रेम सेन्सरची उंची २४ मिलिमीटर. "चंद्र एवढासाच का आला" या प्रश्नाचे उत्तर इथे आहे.

एक इशारा. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर आणि टेली लेन्स लावून उन्हातल्या सूर्याकडे डोळा लावू नका. स्क्रीनवर पाहा.

ढग वाचणे

दुपारी डोंगरावर ढगांची टोपी दिसली म्हणून घरी बसू नका. समुद्रावरून येणारा दमट वारा चढणीला लागला की थंड होतो आणि माथ्यावर ढग धरतो. संध्याकाळी वारा मंदावला की ही टोपी पुष्कळदा उतरते. डोंगर हमखास मोकळा हवा असेल तर पहाट गाठा. पाऊस पडून गेल्यानंतरची पहिली कोरडी संध्याकाळ तर सोडूच नका, हवेतली धूळ धुऊन निघालेली असते.

रंगासाठी उंचावरचे पिंजलेल्या कापसासारखे ढग लागतात. आठेक किलोमीटर उंचीच्या ढगाला जे शेवटचे किरण लागतात ते तिथून तीनशेहून अधिक किलोमीटर लांबच्या क्षितिजाला घासून येतात. म्हणून डोक्यावर सुरेख ढग असूनही कधी कधी रंग चढत नाही: तुम्हाला न दिसणाऱ्या क्षितिजापलीकडे ढगांची भिंत असते. निघण्याआधी उपग्रहाच्या चित्रात मावळतीच्या बाजूला तेवढ्या अंतरापर्यंत मोकळे आहे का ते पाहा. उंच ढगांवरचा रंग सूर्य बुडाल्यावर दहाएक मिनिटांनी भरात येतो. तोवर टाळ्या वाजवून गर्दी पांगलेली असते, हा आपला फायदा.

डोंगराचेही तसेच. सूर्य समुद्रात मावळत असेल तर हजार मीटर उंच माथ्यावर पायथ्यापेक्षा साधारण चार मिनिटे जास्त ऊन टिकते. शहर सावलीत आणि फक्त माथा तांबडा, अशी ही चार मिनिटे. त्या वेळी तुम्ही सूर्याकडे तोंड करून उभे असाल तर ती गेली.

आता ती अवघड पायरी

अडचण काय आहे ते आधी समजून घ्या. स्वच्छ आकाशात सूर्य क्षितिजावर असताना जमिनीवर साधारण ४०० लक्स (उजेड मोजायचे एकक) उजेड असतो. तो ६ अंश खाली गेला की तीन-साडेतीन लक्स उरतो. म्हणजे जवळजवळ सात स्टॉपची घसरण (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट), आणि उष्ण कटिबंधात ती पंचविसेक मिनिटांत होते. सरासरी साडेतीन मिनिटाला उजेड निम्मा. सुरुवातीला ही घसरण मंद असते, नंतर वेग धरते. ध्रुवांकडे जाल तसा हा खेळ लांबतो. शहराचे दिवे मात्र एकदा लागले की तेवढेच राहतात. घसरणारे आकाश आणि स्थिर दिवे यांची बरोबरी होते ते सहा-आठ मिनिटे. फोटो तिथे आहे. त्याआधी दिवे फिके, त्यानंतर आकाश काळे.

ऑटो मोडला हे कळत नाही. तो प्रत्येक फ्रेमचा सरासरी उजेड सारखा करू पाहतो, त्यामुळे संध्याकाळची दुपार करतो आणि दिवे जाळतो. तेव्हा मोड एम, म्हणजे सगळे हाताने. एफ/८ (लेन्सचे भोक), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता), आणि हे दोन आकडे आता विसरून जा. फिरवायचा तो फक्त शटर स्पीड. माझ्याकडे साधारणपणे सूर्य टेकताना १/६० च्या आसपास सुरुवात होते आणि बरोबरीच्या वेळी ४ सेकंदांच्या आगेमागे येऊन थांबते. हे आकडे पाठ करू नका, ढगांप्रमाणे पुढेमागे होतात. दर दोन मिनिटांनी तीच चौकट पुन्हा काढत राहा आणि आकाश उतरेल तसा शटर एक-एक खटका लांबवा.

फोकस उजेड असतानाच लांबच्या इमारतीच्या कडेवर पक्का करा आणि लगेच मॅन्युअल करून ठेवा. अंधारात लेन्स घुंई-घुंई करत बसते आणि नेमकी ती सहा मिनिटे खाते. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर भरवसा ठेवू नका, बऱ्याच लेन्सची रिंग तिच्याही पुढे जाते.

आता माझी फजिती. एकदा धक्क्याच्या टोकाला उभी राहून तासभर एकच चौकट काढत होते. अंधार पडत गेला तशा फ्रेम अधिकच झळझळीत दिसू लागल्या; डोंगराची कड, पाण्यातली दिव्यांची प्रतिबिंबे, सगळे झकास. घरी संगणकावर उघडले तर शेवटच्या सगळ्या फ्रेम दोन-दोन स्टॉप काळ्या. कॅमेरा चुकला नव्हता. अंधारात सरावलेल्या डोळ्यांना पाठीवरची स्क्रीन नेहमीपेक्षा किती तरी उजळ भासते आणि आपण फसतो. तेव्हापासून स्क्रीनचा उजेड मी मुद्दाम सगळ्यांत कमी ठेवते आणि निर्णय हिस्टोग्रामवर घेते, म्हणजे फ्रेममध्ये काळे किती (डावीकडे) आणि उजळ किती (उजवीकडे) हे दाखवणाऱ्या आलेखावर. "स्क्रीनवर बरे दिसले की झाले" असे सांगणाऱ्याचे ऐकू नका.

हिस्टोग्रामही एकच पांढरा आलेख दाखवणारा नको. लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा चालू करा. मावळतीच्या आकाशात लाल आधी ओसंडतो. एकत्र आलेख साळसूदपणे मधे बसलेला असतो आणि तिकडे लाल चॅनल उजव्या भिंतीला जाऊन चिकटलेला. मग केशरी आकाश पिवळट आणि चपटे येते, आणि पार ओसंडलेला लाल रॉमधूनही परत मिळत नाही. हा आलेख कॅमेऱ्याने आत केलेल्या जेपेगवरून निघतो, त्यामुळे रॉमध्ये थोडी सूट असते. पण उधारीवर संसार करू नये. लाल भिंतीपासून जरा अलीकडे ठेवा. दिव्यांचे टिंब मात्र जळू द्या. दिव्याचा गाभा पांढराच असतो, तो वाचवायला गेलात तर शहर बुडेल. जळता कामा नयेत त्या दिव्यांनी उजळलेल्या भिंती.

बरोबरी ओळखायची माझी रीत: डोळे किलकिले करून पाहायचे. खिडक्या आकाशापेक्षा किंचितच उजळ वाटल्या की वेळ झाली.

आणि ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती: बरोबरी सगळीकडे एकाच वेळी येत नाही. मावळतीकडचे आकाश बराच वेळ उजळ राहते, पाठीमागचे लवकर विझते. म्हणून सूर्याच्या विरुद्ध दिशेचे शहर आणि डोंगर आधी काढा, मग वळून मावळतीची बाजू घ्या. उलट केलेत तर विरुद्ध बाजूचे आकाश तोवर काळे झालेले असते. तिकडे पाहिलेत तर सूर्यास्तानंतर थोड्याच वेळात क्षितिजालगत एक करडा-निळा पट्टा वर चढताना दिसेल, त्याच्यावर गुलाबी. खालचा पट्टा म्हणजे हवेवर पडलेली पृथ्वीची सावली. डोंगररांगेमागे ती उभी राहते तेव्हा कुठलाही फिल्टर नको.

फिल्टरवरून आठवले. निम्मी काळी असलेली ग्रेडेड काच मोकळ्या समुद्रासाठी ठीक, तिथे क्षितिज सरळ असते. डोंगर असला की तिचा उपयोग नाही, कारण ती आकाशाबरोबर माथाही काळा करते. पोलरायझर (चकाकी कापणारी, आकाश गडद करणारी फिरती काच) सूर्यापासून ९० अंशांवर जोरात काम करतो, त्यामुळे वाइड लेन्सवर आकाशात मधेच एक गडद डाग पडतो. दोन्ही घरी ठेवा. त्याऐवजी दोन-दोन स्टॉपच्या अंतराने तीन फ्रेम घ्या आणि लागल्या तरच जोडा. माझे विचाराल तर बहुतेक वेळा लागत नाहीत. डोंगर काळसर राहिला तर राहू द्या. संध्याकाळी तो काळसरच असतो. प्रत्येक खळगी उजळवलेले, राखाडी कडांचे ते एचडीआर (अनेक फ्रेम जोडून केलेले) फोटो पाहिले की मला अजूनही चीड येते.

नांगरलेल्या होड्या चौकटीत असतील तर ४ सेकंदांत त्यांच्या दिव्यांच्या शेवया होतात. तेवढ्यापुरता आयएसओ ८०० करा, शटर अर्ध्या सेकंदावर आणा. लाटांनाही अर्धा सेकंद शोभतो. ३० सेकंदांत समुद्राचे दूध होते आणि ते मला पाहवत नाही. वारा असेल तर ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका, लेन्समधले स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा. वाळूत पाय रोवून थोडे दाबा आणि मिनिटभर थांबा, ते हळूहळू बसत असतात.

व्हाइट बॅलन्स (पांढरे कशाला म्हणायचे हे ठरवणारी सेटिंग) ऑटोवर नको. डेलाइटला बांधून ठेवा, नाहीतर कॅमेरा प्रत्येक फ्रेममध्ये निळेपणा पुसत राहील. तो निळेपणा खराच आहे. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर किरणांना ओझोनच्या थरातून तिरपा, लांब प्रवास करावा लागतो आणि ओझोन त्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषतो. डोक्यावरचे सांजेचे आकाश निळे राहण्यामागे मुख्यतः ओझोन आहे हे भौतिकशास्त्रज्ञ एडवर्ड हलबर्ट यांनी १९५३ साली दाखवून दिले.

इमारतींची कड आकाशापासून वेगळी दिसेनाशी झाली की आवरा.

चंद्र हवा असेल तर

पौर्णिमेला जाऊ नका, आदल्या दिवशी जा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो. पौर्णिमेचा साधारण सूर्यास्ताला. आदल्या दिवशी तो सूर्यास्ताआधीच वर आलेला असतो, त्यामुळे आकाशात उजेड असताना त्याच्यावरचे डागही येतात आणि डोंगरही. नंतर तो पांढरी चकतीच होतो.

पहाट

सगळे हेच, उलट्या क्रमाने. फोकस तेवढा अंधारात करावा लागतो, तेव्हा लांबचा एखादा दिवा स्क्रीनवर मोठा करून हाताने जुळवा.

घरी आल्यावर

लेन्सवर खारट तुषार सुकलेले असतात. कोरड्या कापडाने पुसलेत तर मिठाचे कण कोटिंगवर घासले जातात. माझ्या एका लेन्सच्या कडेला तो ओरखडा अजून आहे. आधी ब्लोअर (हवा मारायचा रबरी फुगा), मग गोड्या पाण्यात जेमतेम ओलावलेले मऊ कापड, शेवटी कोरडे. ट्रायपॉडच्या पायांचे सांधे उघडून गोड्या पाण्याने धुवा आणि ते उघडेच वाळू द्या.