शहर सोडू का, करिअर बदलू का? आधी हे दोन प्रश्न वेगळे करा

पंचविशी-अठ्ठाविशीत हा विचार बहुतेकांना रविवारी रात्री येतो. उद्या परत तोच प्रवास, तोच लॅपटॉप, तेच चेहरे आणि मग वाटतं बास झालं, सगळं सोडून कुठेतरी लहान गावात जाऊया आणि काहीतरी वेगळं करूया. यातला 'सगळं' हा शब्द सगळ्यात जास्त फसवतो. शहर नकोसं झालंय, काम नकोसं झालंय की फक्त ही एक नोकरी नकोशी झालीये, हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे.

म्हणून पहिलं काम म्हणजे कागद घ्या आणि ज्या ज्या गोष्टींनी जीव वैतागतो त्या सगळ्या लिहून काढा. प्रत्येक ओळीपुढे दोन प्रश्न विचारा, हेच काम दुसऱ्या गावात केलं तर हा त्रास राहील का, आणि याच शहरात दुसरं काम केलं तर राहील का. मी २७ व्या वर्षी हे केलं तेव्हा माझ्या यादीत ११ गोष्टी होत्या आणि त्यातल्या ६ एका मॅनेजरच्या होत्या, म्हणजे शहरही निर्दोष आणि क्षेत्रही निर्दोष. टीम बदलून सुटणाऱ्या गोष्टीसाठी मी आख्खं आयुष्य उचलून हलवायला निघाले होते. आणि हो, यादी करायच्या आधी जमलं तर आठ-दहा दिवस नीट सुट्टी घेऊन झोप पूर्ण करा, कारण थकलेल्या माणसाला स्वतःचं सोडून कुठलंही आयुष्य छान दिसतं.

यादीनंतरही दोन्ही बदलायचंच असं निघालं तरी दोन्ही एकदम बदलू नका. यावर माझं मत ठाम आहे. एकाच महिन्यात पगार, मित्र आणि रोजचं रूटीन तिन्ही गेलं की माणूस खचतो, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढे काही बिनसलं तर नेमकं काय चुकलं, गाव चुकलं की काम चुकलं, हेच कळत नाही. मग आधी काय? सध्याचं काम घरून करता येत असेल तर आधी गाव बदला. नसेल तर आधी काम बदला आणि तेही मोठ्या शहरात असतानाच, कारण नवीन क्षेत्रात पहिली संधी देणारे लोक, शिकवणारे लोक आणि फसलो तर परत नोकरी देणाऱ्या जागा तिथे जास्त असतात. अपवाद एकच, घरभाडंच इतकं खातंय की सेव्हिंग होतच नाही, तेव्हा आधी तिथून निघणं बरं.

आता पैसे. मागच्या ३ महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि खरा खर्च बघा, मनातला नाही. त्यात हप्ते, विमा, घरी पाठवता ते पैसे सगळं धरा. शिल्लक भागिले महिन्याचा खर्च केलं की तुमच्या हातात किती महिने आहेत ते कळतं. हातात दुसरी नोकरी असेल तर ३ ते ६ महिने पुरतात, पण क्षेत्रच बदलत असाल आणि नोकरी नसेल तर मी तरी ९ ते १२ महिन्यांच्या खाली उडी मारा म्हणणार नाही, आणि सामान हलवणं, डिपॉझिट हे त्यातून वेगळं काढून ठेवा.

पगार कमी होणार म्हणून घाबरू नका, उरतं किती ते बघा. इथे १०० मिळतात आणि ८५ जातात, तिथे ६५ मिळाले आणि ४५ गेले तर हातात १५ ऐवजी २० राहिले. पण स्वस्त होतं ते मुख्यतः भाडं आणि रोजचा प्रवास. फोन, लॅपटॉप, विमानाचं तिकीट, ऑनलाइन कोर्स यांची किंमत गाव बघून कमी होत नाही. शिवाय कधी परत यायचं ठरलं तर पगाराची बोलणी त्या ६५ वरून सुरू होण्याची शक्यता असते. गुंतवणुकीचंही बघा, ७ टक्के वाढ धरली तर पैसा साधारण १० वर्षांत दुप्पट होतो, म्हणजे एखाद-दोन वर्षं गुंतवणूक थांबली तर भरून निघतं, दहा वर्षं थांबली तर जड जातं.

वेळेचा हिशोब मात्र डोळे उघडणारा असतो. जायला दीड तास यायला दीड तास, महिन्याचे २२ दिवस, म्हणजे ६६ तास, वर्षाचे ७९२. दिवसरात्र धरून ३३ दिवस फक्त प्रवासात! हे वाचून लगेच बॅग भरू नका, आधी विचारा की ते ६६ तास मिळाले तर काय कराल, आणि त्यातलं थोडं तरी आत्ता शनिवार-रविवारी करताय का.

गावाची ट्रायल सुट्टीत जाऊन होत नाही. दुरून डोंगर साजरे. तिथल्या सगळ्यात वाईट हवेच्या महिन्यात जा, किमान २ आठवडे राहा, सोमवार ते शुक्रवार काम करा. नेट चालतं का, लाईट किती जाते, चांगलं हॉस्पिटल किती लांब, शेवटची बस कधी, आणि मंगळवारी संध्याकाळी ७ वाजता बोलायला कोण आहे. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. १९९८ मध्ये डेव्हिड श्केड आणि डॅनियल कानेमन या संशोधकांनी अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता, सगळ्यांना वाटायचं की छान हवेच्या कॅलिफोर्नियातले लोक जास्त सुखी असणार, प्रत्यक्षात तिथले आणि कडक थंडीच्या मिडवेस्ट भागातले विद्यार्थी आयुष्याबद्दल जवळपास सारखेच समाधानी निघाले. हवा, डोंगर, समुद्र यांची सवय होऊन जाते. एकटेपणाची तेवढी लवकर होत नाही.

कामाची ट्रायल घेताना लोक आधी कोर्स लावतात आणि तिथेच वर्ष जातं. कोर्स नंतर. आधी ते काम करणाऱ्या ४-५ जणांना भेटा आणि "कसं वाटतं" असं विचारू नका, मागच्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय केलं ते विचारा, आणि त्यात एक जण तरी ते काम सोडून गेलेला असू दे, तो न लपवता सांगेल. मग ३ महिने आठवड्याला ६-८ तास तेच काम खरंखुरं करा, कुणा अनोळखी माणसाकडून थोडे का होईना पैसे घेऊन. कौतुक घरचे पण करतात, पैसे देणारा तसं करत नाही. त्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता ते शोधा, आणि तोच भाग आठवडाभर करून बघा. तो सहन होत असेल तर काम तुमचं आहे. पहिली उडी शक्यतो जुन्या कामाच्या शेजारीच मारा, म्हणजे अकाउंट्समधून शिक्षक व्हायचंय तर आधी अकाउंट्स शिकवा, जुना अनुभव वाया जात नाही.

"चार वर्षं शिकले ते फुकट जाणार" हे ऐकावं लागेल, स्वतःच्या मनातूनही. ती चार वर्षं दोन्ही बाजूंनी गेलेलीच आहेत, प्रश्न पुढच्या पस्तीस वर्षांचा आहे. आई-बाबांशी बोलताना स्वप्न सांगू नका, आकडे सांगा. किती महिने पुरतील, कधीपर्यंत बघणार, नाही जमलं तर काय करणार. माझ्या घरी वाद तिथेच निम्मा झाला.

आणि सगळं करूनही महिनोन्महिने काटा मधोमधच राहिला तर? स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञाने अडकलेल्या लोकांना बदल करायचा की नाही हे ठरवायला ऑनलाइन नाणं उडवायला लावलं होतं, २०,००० हून जास्त वेळा नाणी उडली. नोकरी सोडण्यासारख्या मोठ्या प्रश्नांत ज्यांनी बदल केला ते ६ महिन्यांनी सरासरी जास्त समाधानी होते. मी याचा अर्थ असा घेते की पैशांची सोय झालेली असेल आणि पारडं अगदी समान असेल तर बदलाकडे झुका.

राजीनामा देण्याआधी एक तारीख आणि एक आकडा लिहून ठेवा, ६ महिन्यांनी आढावा आणि शिल्लक इतकी राहिली की परत नोकरी शोधायची. लोन किंवा क्रेडिट कार्ड लागणार असेल तर पगार चालू असतानाच घ्या, नंतर अवघड जातं, आरोग्य विमा कंपनीचा असेल तर स्वतःचा आधी काढा. नोटीस पिरिअड पूर्ण करा, अनुभवाचं पत्र हातात घ्या. आणि निघण्याआधी फक्त जवळच्या मित्रांना नाही तर वर्षातून एकदा भेटणाऱ्या लोकांनाही कळवा की मी आता हे करतेय. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ मध्येच दाखवलं होतं की नोकरीची खबर बऱ्याचदा अशा लांबच्या ओळखींतून येते. मला पहिलं काम असंच मिळालं, जिच्याशी दोन वर्षं बोलणं नव्हतं तिच्याकडून.