पुडीतली बारकी गोळी : दम्याच्या संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

एम.एस्सी.चे निकाल लागले की लातूर-नांदेडकडच्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. 'ताई, इम्युनॉलॉजीत काम करायचंय, फ्लो सायटोमेट्रीचा कोर्स कुठं करू?' इम्युनॉलॉजी म्हणजे रोगप्रतिकारशास्त्र आणि फ्लो सायटोमेट्री म्हणजे पेशी ओळखून मोजायचं तंत्र. त्याचं मशीन चालवायला महिनाभरात कुणीही शिकतं. म्हणून मी आधी एका आजीची गोष्ट सांगते. बऱ्याच जणांना वाटतं ताई विषय टाळतेय.

एम.एस्सी. झाल्यावर गंभीर दम्यावरच्या एका प्रकल्पात मी सहायक म्हणून लागले. मराठवाड्यातल्या एका सरकारी दवाखान्याच्या छातीच्या ओपीडीत बसायचं, फॉर्म भरायचा, रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात ठेवायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने पुढं पाठवायच्या, एवढंच काम. फॉर्ममध्ये चौदावा प्रश्न होता: गेल्या चार आठवड्यांत स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या का? पासष्टीच्या एका आजींना मी तो मराठीत विचारला. 'गोळ्या-बिळ्या काही नाहीत बघ लेकरा.' मी 'नाही'वर खूण केली. रक्ताचा रिपोर्ट आला, इओसिनोफिल (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) शून्य. दम्याच्या ज्या प्रकारात या पेशी वाढलेल्या असतात त्यात आजी बसत नव्हत्या, म्हणून मी त्यांची नोंद दुसऱ्या गटात केली आणि विसरून गेले.

महिन्याने त्या परत आल्या. एसटीचे सुटे पैसे काढायला चंची सोडली, तर वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी खाली पडली. आत एक कॅप्सूल, एक गुलाबी गोळी आणि अर्धी मोडलेली बारकी पांढरी गोळी. 'आजी, हे काय?' 'ही होय? ही गोळी नाही, ही पुडी हाय. दम लागला की घेते. गावातला डॉक्टर देतो की.'

आजी खोटं बोलल्या नव्हत्या. पत्र्याच्या पाकिटातून निघते ती गोळी आणि कागदात बांधून मिळते ती पुडी, असा त्यांचा साधा हिशेब होता. माझा प्रश्नच चुकला होता. ओपीडीतल्या डॉक्टर मॅडमनी ती पांढरी गोळी बघताक्षणी ओळखली, प्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच. तोंडावाटे घेतलेलं स्टेरॉइड काही तासांतच रक्तातले इओसिनोफिल खाली आणतं. म्हणजे रिपोर्टातलं ते शून्य आजींच्या आजाराचं नव्हतंच, पुडीचं होतं. अशी गोळी अचानक बंदही करता येत नाही. बरेच दिवस घेतली असेल तर शरीर स्वतःचं नैसर्गिक स्टेरॉइड, कॉर्टिसोल, बनवणं कमी करतं, एकदम तोडली तर जिवावर बेतू शकतं. मॅडमनी पंप (इनहेलर) सुरू करून गोळी हळूहळू उतरवली आणि काही महिन्यांनी रक्त पाहिलं तेव्हा इओसिनोफिलचा आकडा, एका मायक्रोलिटर रक्तामागे, सातशेच्या घरात होता. दम्यात तीनशेलाच डॉक्टर कान टवकारतात.

हा आकडा एवढा महत्त्वाचा का, ते थोडं सविस्तर सांगते, कारण मुलाखतीत विचारतात आणि पाठ केलेलं उत्तर तिथं लगेच उघडं पडतं. श्वासनळीचं आतलं अस्तर धूळ, परागकण किंवा विषाणूने डिवचलं गेलं की टीएसएलपी, आयएल-३३ असे निरोप सोडतं. ते टीएच-२ आणि आयएलसी-२ या रोगप्रतिकारक पेशींपर्यंत पोचतात आणि मग तीन सायटोकाइन, म्हणजे पेशींनी एकमेकींना धाडलेले निरोप, कामाला लागतात. आयएल-४ मुळे आयजी-ई, म्हणजे ॲलर्जीची अँटीबॉडी, बनतं. आयएल-५ अस्थिमज्जेत इओसिनोफिल तयार करवतो आणि त्यांना जगवतो. आयएल-१३ मुळे कफ चिकट आणि नळ्या चिडक्या होतात. हा झाला 'टाइप-२' दमा, स्टेरॉइडला बहुधा दाद देणारा. दुसऱ्या बाजूला असेही रुग्ण असतात ज्यांच्या कफात न्यूट्रोफिल या दुसऱ्याच पांढऱ्या पेशी जास्त सापडतात, इओसिनोफिल नसतात, आणि स्टेरॉइडचा फारसा उपयोग होत नाही. दोघंही एकाच बाकावर बसलेले, दोघांच्याही छातीत सुंसुं आवाज.

मेपोलिझुमॅबची कथा या क्षेत्रात येणाऱ्या प्रत्येकाने नीट वाचावी. आयएल-५ ला अडवणारी ही अँटीबॉडी. २००० साली तिची पहिली मोठी चर्चा झाली ती अपयशाची: इओसिनोफिल घटले, पण श्वासनळीचा चिडकेपणा होता तसाच. २००७ मधली मोठी चाचणीही निराशाजनक निघाली, आयएल-५ चा पिच्छा सोडावा असं लोक म्हणू लागले. मग २००९ मध्ये दोन छोट्या अभ्यासांनी औषध तेच ठेवून माणसं निवडून घेतली. स्टेरॉइड चालू असूनही कफात इओसिनोफिल टिकून असलेले आणि वारंवार अटॅक येणारे तेवढेच रुग्ण घेतले. अटॅक कमी झाले, गोळ्या उतरवता आल्या. २०१५ मध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली. नऊ वर्षं गेली ती औषध कुणाला द्यायचं हे कळण्यात. आमच्या आजी चुकीच्या गटात गेल्या होत्या, तेव्हा मला ही कथा पहिल्यांदा पोटातून समजली. आता या अँटीबॉडी भारतातही मिळतात. एका इंजेक्शनची किंमत सांगितली की आमच्याकडची माणसं आधी सोयाबीनचा भाव आठवतात.

उलट चूकही होते. इओसिनोफिल वाढले म्हणजे दमाच, असं आपल्या भागात धरून चालत नाही. अनवाणी शेतात जाणाऱ्याच्या पोटात जंत असतील तरी इओसिनोफिल आणि आयजी-ई दोन्ही वाढतात. हत्तीरोगाच्या जंतूंमुळे होणाऱ्या ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलियात तर रात्रीचा खोकला, दम, सगळं दम्यासारखंच असतं, आणि आकडा तीन हजारांच्या वर जातो. त्याचं औषध वेगळं, डीईसी (डायइथिलकार्बामाझिन). परदेशी पेपरांतली रुग्णनिवड जशीच्या तशी उचलली तर इथं फसगत ठरलेली.

आणि 'गंभीर' या शब्दाचा अर्थ जोरात अटॅक येणारा असा नाही. जास्त मात्रेचं स्टेरॉइड पंपातून आणि जोडीला दुसरं औषध, हे नीट घेऊनही जो आवरत नाही, किंवा कमी केलं की उसळतो, तो गंभीर दमा. दम्याच्या एकूण रुग्णांत असे पाच ते दहा टक्के. आमच्याकडे 'गंभीर' म्हणून पाठवलेल्या कित्येकांना पंप हातात देऊन 'घेऊन दाखवा' म्हटलं की अर्धं औषध टाळूला चिकटायचं. उरलेल्यांनी पंप घेतलेलाच नसायचा, कारण 'पंपाची सवय लागते'. पंपाची सवय लागत नाही हो. पुडीची लागते.

माझे वडील लातूरच्या आडत बाजारात मापाडी होते. दसरा-दिवाळीत सोयाबीनची आवक वाढली की नाकाला उपरणं बांधून काम करायचे आणि रात्री उशाला उशी लावून बसून झोपायचे. घरात त्याला 'सीझनचा खोकला' म्हणत. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मला बार्सिलोनाचं प्रकरण वाचायला मिळालं. १९८१ ते १९८७ या काळात त्या शहरात दम्याच्या २६ साथी आल्या, एकेका दिवशी दवाखान्यांत रांगा. शोधता शोधता माग लागला तो बंदराचा: ज्या दिवशी जहाजातून सोयाबीन उतरायचं त्याच दिवशी साथ. टरफलाच्या धुळीतलं प्रथिन वाऱ्यावर गावभर जात होतं. कोठाराला फिल्टर बसवले आणि साथी थांबल्या. तो पेपर मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून वाचला आणि लगेच घरी फोन लावला. वडिलांना सोयाबीनचीच ॲलर्जी आहे असा माझा दावा नाही. आडतीतल्या धुळीत बुरशी, किडे, माती सगळंच असतं. पण प्रबंधाचा विषय सुचत नाही म्हणणाऱ्यांनी आपल्या तालुक्याच्या धुळीकडे जरा बघावं. जालन्या-परभणीकडची जिनिंग आहे, उदगीरच्या डाळ मिल आहेत, बांधाबांधावर गाजरगवत आहे.

गावाकडची सगळीच धूळ वाईट, असंही नाही. २०१६ च्या एका अमेरिकी अभ्यासात आमिश आणि हटराइट या दोन ख्रिस्ती शेतकरी समाजांची तुलना होती. घराजवळ गोठा असलेल्या आमिश मुलांत दमा सुमारे पाच टक्के, तर यंत्रांवर शेती करणाऱ्या हटराइट मुलांत एकवीस टक्के निघाला. आमिश घरांतली धूळ उंदरांच्या नाकात घातली तर त्यांचा दमा सौम्य झाला. हे वाचून आई म्हणाली, मग गोठा विकू नका म्हणत होते मी.

प्रयोगशाळेचं थोडं. तिथं बहुतेकांची सुरुवात उंदरांपासून होते: अंड्यातलं ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन किंवा घरातल्या धुळीतले माइट वापरून दमा घडवायचा, मग फुफ्फुस धुऊन निघालेल्या पाण्यातल्या पेशी मोजायच्या. याला सगळे 'बाल' म्हणतात. माझी सर्वांत लाजिरवाणी चूक इथली. फ्लो सायटोमीटरवर मी सिग्लेक-एफ ही खूण अंगावर असलेल्या सगळ्या पेशी इओसिनोफिल म्हणून मोजत होते. ज्या उंदरांना नुसतं सलाइन दिलं होतं, त्यांच्यातही माझ्या हिशेबाने नव्वद टक्के इओसिनोफिल. तीन प्रयोग असेच गेले. चौथ्याला एका सीनियरने एवढंच विचारलं, 'स्लाइड केलीस का?' केली. सूक्ष्मदर्शकाखाली गोल केंद्रकाच्या मोठाल्या पेशी, गुलाबी दाण्यांचा पत्ता नाही. ते वायुकोशातले मॅक्रोफेज, म्हणजे कचरा गिळणाऱ्या पेशी, होते, उंदरात त्यांच्यावरही सिग्लेक-एफ असतो. सीडी११सी ही दुसरी खूण लावली की दोन्ही वेगळे होतात: मॅक्रोफेजवर ती भरपूर, इओसिनोफिलवर कमी. पॉल एर्लिखने १८७९ मध्ये इओसिनच्या रंगावरून या पेशी ओळखल्या. तो रंग आजही शंभर रुपयांत जे सांगतो ते आमचं कोटीचं मशीन मला तीन महिने सांगत नव्हतं. मशीनची काय चूक म्हणा.

एक सावधगिरी: उंदरांची ॲलर्जी होते. त्यांच्या मुतातलं प्रथिन हवेत उडतं. दम्यावर काम करता करता दुसऱ्या वर्षी मलाच शिंका आणि रात्रीचा खोकला सुरू झाला. पहिल्या दिवसापासून एन-९५ लावा, 'सर्दीच आहे' म्हणून अंगावर काढू नका.

प्रवेशाचं फार सांगत नाही, माहिती सगळीकडे आहे. बायोटेक, मायक्रो, झूऑलॉजी, बायोकेम, फार्मकॉलॉजी, कुठूनही येता येतं. सीएसआयआर-नेट द्या, आयसीएमआर आणि डीबीटीच्या फेलोशिपही बघा. २०२३ पासून जेआरएफला (पीएच.डी. करतानाची फेलोशिप) महिना ३७,००० आणि दोन वर्षांनी ४२,००० रुपये, वर घरभाडं. आकडा चांगला आहे, पण वेळेवर येईलच असं नाही. मला पहिली रक्कम सातव्या महिन्यात मिळाली, तोवर मेसचे पैसे मामाने दिले. घरून निघतानाच सहा महिन्यांची तजवीज करा. संस्थांत पुण्याचं एनसीसीएस, दिल्लीतलं आयजीआयबी आणि पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट, बुरशीच्या ॲलर्जीसाठी चंडीगडचं पीजीआय, यांची कामं चाळून बघा. गाइड निवडताना त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना एकच विचारा: पीएच.डी.ला किती वर्षं लागली?

इंग्रजीची भीती मलाही होती, बारावीपर्यंत मराठी माध्यम. पहिल्या सेमिनारला घशाला कोरड पडून 'एअरवे' हा शब्दसुद्धा फुटेना. सवयीने जमतं. ओपीडीत मात्र उलटं होतं. संमतिपत्रातलं '१० मिली रक्त' ऐकून मागे सरकणारी बाई 'दोन चमचे' म्हटलं की बाही वर करते, हे पुण्या-दिल्लीच्या सहकाऱ्यांना मी शिकवलं. 'माझ्यावर प्रयोग करणार का?' असं कुणी विचारलं तर हसून टाळू नका. बसून नीट उत्तर द्या, तो त्यांचा हक्क आहे. अंगठा घेत असाल तर साक्षीदार हवाच.

चौदावा प्रश्न आम्ही पुढं बदलून घेतला, त्यासाठी एथिक्स कमिटीची परवानगी काढावी लागली. आता तो असा आहे: दम लागल्यावर काय काय घेता? गोळी, पुडी, काढा, इंजेक्शन, सलाइन. पिशवी आणि चंची दाखवता का?

फोन करायचा तर रविवारी दुपारी करा. बाकीचे दिवस मी उंदरांच्या खोलीत असते, तिथं मोबाइल नेता येत नाही.